मोबाइलचं लोकेशन नेटवर्ककडून कसं मिळवायचं आणि त्यावर सेवा कशी उभी करायची: नव्यानं या कामात येणाऱ्यांसाठी

नकाशावरचा निळा ठिपका बघून बघून आपला असा समज झालेला असतो की फोन कुठे आहे हे नेटवर्कला कायम ठाऊक असतं, आपण विचारायचा अवकाश. टेलिकॉमच्या बाजूनं या कामात शिरलं की हा समज फार दिवस टिकत नाही. नेटवर्क तुम्हाला एक क्षेत्र देतं, फोन त्या क्षेत्रात असण्याची शक्यता किती ते सांगतं आणि ही माहिती कधीची आहे तेही सांगतं. या तिन्हीतलं एक जरी वाटेत गळालं, तर पुढे कितीही चांगला नकाशा काढा, उत्तर चुकीचंच येणार. हे काम मी ऑपरेटरच्या बाजूनंही पाहिलंय आणि ॲप बांधणाऱ्यांच्या बाजूनंही. गोंधळ दोन्हीकडे साधारण सारखाच असतो.

आधी हाताशी काय हवं

- ऑपरेटरशी किंवा त्याच्या अधिकृत मध्यस्थाशी लेखी करार, चाचणीसाठी वेगळं खातं, आणि तुमच्या सर्व्हरच्या आयपी पत्त्यांना त्यांच्याकडून मिळालेली परवानगी.
- ज्याचं लोकेशन घेणार त्याची संमती कशी घेणार आणि कुठे नोंदवणार, याचा मजकूर. हा शेवटी लिहायचा कागद नाही. कराराच्या वेळीच तो मागितला जातो.
- चाचणीची सिमकार्डं. शक्य असेल तर एक रोमिंगमधलं.
- सेलचे क्रमांक दाखवणारं एखादं फील्ड टेस्ट ॲप.
- मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेची कागदपत्रं: चौथ्या पिढीपर्यंतच्या रचनेसाठी २३.२७१, पाचव्या पिढीसाठी २३.२७३ आणि उत्तरात येणाऱ्या क्षेत्राच्या आकारांसाठी २३.०३२. तिसरं छोटं आहे. ते पूर्ण वाचा.
- पोस्टजीआयएससारखा, पृथ्वीच्या गोलाईचं गणित कळणारा डेटाबेस.

## १. कशासाठी हवंय ते आधी ठरवा

"लोकेशन हवं" ही मागणी अर्धवट आहे. किती मीटरपर्यंतची चूक चालेल? उत्तर किती सेकंदांत हवं? एकदाच हवं, ठरावीक वेळानं हवं, की फोन एखाद्या भागात शिरल्यावर हवं? फोन बंद असेल तर शेवटचं माहीत असलेलं ठिकाण चालेल का?

बँकेच्या व्यवहारात फोन आणि कार्ड एकाच शहरात आहेत का एवढंच बघायचं असेल, तर सेलच्या पातळीची माहिती भरपूर झाली. रुग्णवाहिका पाठवायची असेल तर ती कुचकामी आहे. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेनं आपत्कालीन कॉलसाठी घातलेली जुनी मर्यादा अंदाजासाठी लक्षात ठेवा: हँडसेटवर आधारित पद्धतीत ६७ टक्के कॉल ५० मीटरच्या आत आणि ९५ टक्के १५० मीटरच्या आत, नेटवर्कवर आधारित पद्धतीत हेच आकडे १०० आणि ३०० मीटर. मर्यादा कशी मांडलीय ते बघा. अंतर आणि टक्केवारी जोडीनं आलेत. तुमच्या मागणीपत्रातही तशीच ओळ हवी.

## २. माहिती कुठून घेणार ते निवडा

मार्ग तीन आहेत. पहिला, फोनवरचं तुमचं ॲप: उपग्रह, वायफाय आणि सेल यांची सांगड फोनच घालतो, अचूकता सगळ्यात चांगली, पण ॲप आणि परवानगी दोन्ही हवं, आणि फोनवर बनावट लोकेशन देणंही अवघड नाही. दुसरा, ऑपरेटरचं नेटवर्क: ॲप लागत नाही, साधा बटणांचा फोनही चालतो, अचूकता कमी. तिसरा, सेल आणि वायफायची गोळा केलेली यादी: फोनला दिसणारे क्रमांक पाठवायचे, उत्तरात अंदाजे ठिकाण घ्यायचं.

तिसऱ्यात दोन गोष्टी सांभाळा. ओपनसेलआयडीसारख्या यादीतलं सेलचं ठिकाण बहुतेक वेळा लोकांच्या फोननी घेतलेल्या मोजमापांवरून काढलेलं असतं. तो टॉवरचा पत्ता नव्हे. रस्ता टॉवरच्या एकाच बाजूनं जात असेल तर अंदाज रस्त्याकडे सरकतो. शिवाय दुसऱ्याच्या यादीवर पूर्ण विसंबू नका. मोझिलाची अशी खुली सेवा बरीच वर्षं चालू होती, ती २०२४ मध्ये बंद झाली आणि तिच्यावर उभी असलेली ॲप्स पर्याय शोधत बसली.

माझं मत: पैसा किंवा जीव पणाला लागलेला असेल तर पहिला आणि दुसरा मार्ग एकत्र वापरा. फोन म्हणतो एक आणि नेटवर्क म्हणतं दुसरंच, ही विसंगती हाच बऱ्याचदा सगळ्यात उपयोगी संकेत असतो.

## ३. नेटवर्कला मुळात काय ठाऊक असतं

खिशात निवांत पडलेला फोन कोणत्या सेलखाली आहे हे नेटवर्कला माहीत नसतं. त्याला माहीत असतो तो ट्रॅकिंग एरिया, म्हणजे अनेक सेलचा एक मोठा गट. फोन त्या गटातून बाहेर पडला किंवा ठरलेली मुदत संपली की तो स्वतःहून हजेरी देतो. मधल्या काळात नेमका सेल हवा असेल तर नेटवर्कला गटभर हाक मारून फोनला जागं करावं लागतं. म्हणून "आत्ताचं" ठिकाण मागितलं तर वेळ लागतो आणि "शेवटचं" मागितलं तर झटक्यात मिळतं, पण ते शिळं असू शकतं. संथ उत्तर बघून टाइमआउट दोन सेकंदांवर आणणारे लोक नेमकी चांगली उत्तरं फेकून देतात.

सेलची ओळख कशी लिहितात तेही इथेच समजून घ्या. देशाचा कोड, नेटवर्कचा कोड, विभागाचा कोड आणि सेलचा क्रमांक, असे चारही मिळून ओळख बनते. नुसता सेलचा क्रमांक साठवलात तर दुसऱ्या नेटवर्कचा तोच क्रमांक येऊन धडकेल. एलटीईत, म्हणजे चौथ्या पिढीत, सेलचा क्रमांक २८ बिटांचा असतो. त्याला २५६ नं भागलं की भागाकार हा बेस स्टेशनचा क्रमांक आणि बाकी ही त्याच्यावरच्या सेलचा. ५२४८०७७१ आला तर स्टेशन २०५००३ आणि सेल ३. ही युक्ती पाचव्या पिढीत मात्र चालवू नका. तिथे क्रमांक ३६ बिटांचा आहे आणि स्टेशनचा वाटा २२ ते ३२ बिटांमध्ये ऑपरेटर ठरवेल तसा बदलतो. डेटाबेसमधला रकाना ३२ बिटांचा ठेवला असेल तर तो आजच ६४ चा करा.

## ४. पद्धती आणि त्यांची औकात

सेल आयडी. फोन या सेलखाली आहे, बस. दाट वस्तीत सेल काही शे मीटरचा, मोकळ्या रानात कित्येक किलोमीटरचा. टॉवरवर सहसा तीन दिशांना तीन सेल असतात, त्यामुळे खरं क्षेत्र पंख्याच्या आकाराचं निघतं. टॉवरच्या जागीच पिन लावणं ही नवख्यांची ठरलेली चूक. फोन तिथे असण्याची शक्यता सगळ्यात कमी.

टायमिंग ॲडव्हान्स. फोनचा सिग्नल टॉवरपर्यंत वेळेवर पोचावा म्हणून नेटवर्क त्याला किती लवकर बोलायचं ते सांगतं. त्यावरून अंतर निघतं. जीएसएममध्ये, म्हणजे दुसऱ्या पिढीत, एक पायरी साधारण ५५० मीटरची आणि पायऱ्या ० ते ६३, म्हणून तर जीएसएमच्या सेलची नेहमीची मर्यादा ३५ किलोमीटर. एलटीईत हीच पायरी ७८ मीटरवर आली. सिग्नल इमारतींवर आपटून आला तर अंतर जास्त मोजलं जातं, त्यामुळे या मोजमापातली चूक बहुधा लांबच्या बाजूनं पडते.

ओटीडीओए. फोन अनेक स्टेशनांचे सिग्नल ऐकतो आणि त्यांच्या पोचण्याच्या वेळांमधला फरक कळवतो. सर्व्हर त्यावरून छेदबिंदू काढतो. किमान तीन स्टेशनं चांगली ऐकू यायला हवीत आणि त्यांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली हवीत. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे १०० नॅनोसेकंदांची गफलत झाली की ३० मीटर गेले. कागदावर सुंदर दिसणारी ही पद्धत प्रत्यक्षात रखडते ती बहुधा याच ठिकाणी. ॲंटेनाचे अक्षांश-रेखांश चुकीचे नोंदलेले असणं हे दुसरं कारण, आणि ते शोधायला जास्त त्रास देतं.

मदत मिळालेलं जीपीएस. उपग्रह आपली कक्षेची माहिती सेकंदाला ५० बिट या संथ वेगानं पाठवतो. ती एकदा पूर्ण यायलाच १८ ते ३० सेकंद लागतात, तेही सिग्नल मध्येच तुटला नाही तर. नेटवर्क हीच माहिती फोनला चटकन पोचवतं, म्हणून पहिलं ठिकाण काही सेकंदांत मिळतं. ही मदत दोन वाटांनी जाते. नियंत्रणाची वाट ही ऑपरेटरच्या सिग्नलिंगमधून, म्हणजे नेटवर्कच्या स्वतःच्या नियंत्रण-संदेशांमधून जाते, तिला डेटा पॅक लागत नाही. दुसरी वाट सुपल नावाच्या प्रोटोकॉलची, साध्या इंटरनेट जोडणीवरून. फोनचा डेटा बंद असेल किंवा फायरवॉलनं ७२७५ हा पोर्ट अडवला असेल तर सुपल मुकाट्यानं हरतं आणि लोक जीपीएसला दोष देत बसतात.

इमारतीच्या आत वायफायचा फेरीवेळ मोजणारी पद्धत एक-दोन मीटरपर्यंत जाते, पण तिला साथ देणारी उपकरणं त्या इमारतीत असावी लागतात.

## ५. जीएमएलसीशी बोलायला शिका

बाहेरच्या जगासाठी ऑपरेटरच्या लोकेशन यंत्रणेचं दार म्हणजे जीएमएलसी हा सर्व्हर. तुमची विनंती तिथे येते. तो तुम्ही कोण, तुम्हाला परवानगी आहे का, ग्राहकानं नकार दिलाय का हे तपासतो, ग्राहक सध्या कोणत्या नोडकडे आहे ते ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या एचएसएसला किंवा (पाचव्या पिढीत) यूडीएमला विचारतो आणि मग विनंती आत पाठवतो. प्रत्यक्ष गणित करणारा सर्व्हर आत असतो: एलटीईत ई-एसएमएलसी, पाचव्या पिढीत एलएमएफ. ग्राहक रोमिंगमध्ये असेल तर त्याच्या घरच्या आणि पाहुण्या नेटवर्कचे जीएमएलसी एकमेकांशी बोलतात. बोलायचा करार नसेल तर उत्तर येत नाही, आणि त्यावर तुमच्या कोडमध्ये काही इलाज नाही.

या दाराशी बोलायची जुनी आणि अजूनही भरपूर वापरात असलेली भाषा म्हणजे एमएलपी, एचटीटीपीवरून जाणारं एक्सएमएल. विनंतीत पाच गोष्टी नीट भरा: ग्राहकाचा क्रमांक, हवी असलेली अचूकता, थांबायची तयारी, ठिकाणाचा प्रकार म्हणजे आत्ताचं, शेवटचं किंवा आत्ताचं नाहीतर शेवटचं, आणि चालणारं कमाल वय. क्रमांक देशाच्या कोडसकट आणि बहुतेक ठिकाणी अधिकचं चिन्ह न लावता लिहावा लागतो.

इथले सापळे असे:

- एचटीटीपीचा कोड २०० आला म्हणजे ठिकाण मिळालं असं नाही. "ग्राहक अनुपस्थित", "परवानगी नाही", "मागितलेला दर्जा गाठता आला नाही" या चुका एक्सएमएलच्या आत असतात, आणि प्रत्येकीवर करायची कृती वेगळी. फोन बंद असताना पुन्हापुन्हा विचारून काही हाती लागत नाही, उलट ऑपरेटर तुमचा वेग आवळतो.
- एमएलपीत एक्स म्हणजे अक्षांश. जिओजेसॉन या वेबच्या नकाशांसाठीच्या फॉरमॅटमध्ये आधी रेखांश येतो. या उलटापालटीनं जगातले असंख्य फोन समुद्रात बुडालेत. दोन्ही आकडे ९० च्या आत असतील तर चूक पकडलीही जात नाही, म्हणून माहीत असलेल्या जागेवर तपासा.
- अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं आणि सेकंद अशा रूपात येऊ शकतात. दशांशात बदलताना मिनिटांना ६० नं आणि सेकंदांना ३६०० नं भागा. दक्षिण आणि पश्चिम उणे.
- वेळेसोबत यूटीसीपासूनचा फरक वेगळा लिहिलेला असतो. तो वाचला नाहीत तर ठिकाण काही तास पुढचं किंवा मागचं दिसेल आणि तुमचा शिळेपणाचा नियम उलटा चालेल.

नव्यानं सुरुवात करत असाल तर एमएलपीच्या आधी तुमचा ऑपरेटर कॅमारा या खुल्या प्रकल्पाचे एपीआय देतो का ते विचारा. मोबाइल ऑपरेटरांची संघटना असलेल्या जीएसएमएच्या ओपन गेटवे उपक्रमातून ते पुढे आलेत. त्यातल्या लोकेशन पडताळणीत तुम्ही एक वर्तुळ पाठवता आणि उत्तर येतं: आत आहे, नाही, अंशतः, किंवा सांगता येत नाही. फसवणूक रोखण्यासारख्या कामाला एवढंच पुरतं. जे अक्षांश-रेखांश तुमच्या हातात आलेच नाहीत ते गळतही नाहीत.

## ६. उत्तर वाचा, पिन लावायची घाई करू नका

उत्तरात वर्तुळ, लंबवर्तुळ किंवा कंसाचा पट्टा येतो. कंसाच्या पट्ट्याला टॉवरचं ठिकाण, आतली त्रिज्या, जाडी, सुरुवातीचा कोन आणि पसरलेला कोन असे पाच भाग असतात. टॉवरचं ठिकाण तेवढं उचलून बाकीचे चार टाकून देणारं सॉफ्टवेअर मी भरपूर पाहिलंय. साधा नकाशा हवाच असेल तर पट्ट्याचा मध्य काढा आणि पूर्ण पट्टा झाकेल एवढी त्रिज्या त्याला जोडा.

सिग्नलिंगच्या कच्च्या संदेशातून आकार वाचत असाल तर त्रिज्या थेट मीटरमध्ये नसते. ती ० ते १२७ मधला एक कोड असते आणि सूत्र असं आहे: १.१ चा तेवढा घात करा, त्यातून १ वजा करा, १० नं गुणा. कोड २० म्हणजे ५७ मीटर, ४० म्हणजे सुमारे ४४३ मीटर, ६० म्हणजे तीन किलोमीटरच्या वर. कोडलाच मीटर समजलं तर ६० मीटरचं सुबक वर्तुळ नकाशावर येतं आणि सगळे खूश होतात. खरं क्षेत्र त्याच्या ५० पट त्रिज्येचं असतं.

आता विश्वासाची टक्केवारी. अँड्रॉइड जी अचूकता देतं ती ६८ टक्क्यांची त्रिज्या आहे, म्हणजे साधारण तीनात एकदा फोन वर्तुळाच्या बाहेर असणं अपेक्षितच आहे. नेटवर्कचं उत्तर ६७, ९० किंवा ९५ टक्क्यांचं असू शकतं. दोन्हींची तुलना करण्याआधी टक्केवारी एक करा. चुका सगळ्या दिशांना सारख्या आणि नेहमीच्या घंटेच्या आकाराच्या असतील तर ६८ वरून ९५ ला जाताना त्रिज्या सुमारे १.६ पट होते. प्रत्यक्षात चुकांची शेपटी याहून लांब असते; वर दिलेल्या एफसीसीच्या मर्यादेतही ५० वरून १५० हा तिप्पट फरक आहे.

त्रिज्या टाकून दिली की काय होतं याचं गाजलेलं उदाहरण आयपी पत्त्यांचं आहे. एका कंपनीच्या यादीत "अमेरिकेत कुठेतरी" एवढंच ठाऊक असलेल्या कोट्यवधी पत्त्यांना देशाच्या मध्याजवळचा एक गोल आकड्यांचा बिंदू दिला होता. तो बिंदू कॅन्सस राज्यातल्या एका शेतावर पडला, आणि हरवलेले फोन व गुन्हेगार शोधणारे लोक वर्षानुवर्षं त्या घराच्या दारात उभे राहिले.

## ७. साठवण आणि जिओफेन्स

प्रत्येक नोंदीत अक्षांश, रेखांश, आकार, टक्केवारी, मोजल्याची वेळ, मिळाल्याची वेळ आणि पद्धत ठेवा. दशांशाची पाच स्थळं म्हणजे साधारण एक मीटर. त्यापुढचे आकडे शोभेचे. अंतर अंशांमध्ये मोजू नका आणि वेबच्या नकाशाच्या प्रक्षेपणावरही मोजू नका, कारण ६० अंश अक्षांशावर तिथली लांबी दुप्पट दिसते. पोस्टजीआयएसमध्ये जिऑग्राफी हा प्रकार निवडला की हा प्रश्न मिटतो.

जिओफेन्स म्हणजे कुंपण: आत आला की कळव, बाहेर गेला की कळव. टेबलावर ठेवलेला फोनही दोन सेलमध्ये उड्या मारत असतो. कुंपण त्या दोघांच्या मधून जात असेल तर रात्रभर "आला-गेला" चालतं. म्हणून नियम असा करा: अनिश्चिततेचं पूर्ण वर्तुळ कुंपणाच्या आत असेल तरच "आला", पूर्ण बाहेर असेल तरच "गेला", मधे असेल तर जुनी अवस्था कायम. शिवाय लागोपाठ दोन नोंदींनी दुजोरा मागा. कुंपणाची त्रिज्या अनिश्चिततेपेक्षा लहान असेल तर "आला" कधीच घडणार नाही. ही विनंती ग्राहकाला तिथल्या तिथे नाकारा.

फोनवरची कुंपणं वापरणार असाल तर अँड्रॉइडवर एका ॲपला १०० आणि आयओएसवर २० भागांची मर्यादा आहे. अँड्रॉइडवर कुंपणाची त्रिज्या १०० ते १५० मीटरपेक्षा कमी न ठेवण्याची शिफारस आहे, आणि ॲप मागे पडलेलं असताना सूचना दोन-तीन मिनिटं उशिरा येते हे धरून चाला.

## ८. संमती आणि सुरक्षा

संमती ज्याचा फोन आहे त्याची, बिल भरणाऱ्याची नव्हे. ती कधी, कशासाठी, किती काळासाठी दिली हे नोंदवा आणि मागे घ्यायची वाट तेवढीच सोपी ठेवा. मध्यस्थाकडून लोकेशन विकत घेत असाल तर "संमती ते बघतात" या वाक्यावर थांबू नका. एप्रिल २०२४ मध्ये एफसीसीनं अमेरिकेतल्या मोठ्या ऑपरेटर कंपन्यांना मिळून जवळपास २० कोटी डॉलर दंड ठोठावला, तो मध्यस्थांमार्फत ग्राहकांचं लोकेशन योग्य संमतीशिवाय पुढे गेल्याबद्दल.

नावं पुसली की नोंदी निनावी होतात हेही मनातून काढा. २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदींवर झालेल्या अभ्यासात, ठिकाण आणि वेळ यांचे फक्त चार बिंदू ९५ टक्के लोकांना वेगळं ओळखायला पुरले. तेव्हा जुन्या नोंदी ठरलेल्या मुदतीनं पुसा, आणि आकडेवारी हवी असेल तर मोठ्या चौकटींमध्ये बेरजा ठेवा.

ऑपरेटरच्या बाजूनं काम करत असाल तर एसएस७ चं, म्हणजे नेटवर्कांमधल्या जुन्या सिग्नलिंगचं, दार तपासा. त्यातला "ग्राहक कुठे आहे" असा थेट प्रश्न बाहेरच्या नेटवर्ककडून आला तरी जुनी उपकरणं निमूट उत्तर देत. एसएस७ मधून ग्राहकाचं ठिकाण असं बाहेर पडतं हे सुरक्षा संशोधक टोबियास एंगेल यांनी २००८ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये जाहीरपणे दाखवलं. हा थेट प्रश्न परक्या नेटवर्ककडून येण्याचं रास्त कारणच नसतं, तो सीमेवरच अडवा.

## ९. मैदानात उतरून चाचणी

टेबलावरची चाचणी फक्त कोड तपासते. ठिकाण तपासायला बाहेर जावं लागतं. प्रत्येक जागी खरा बिंदू वेगळ्या, चांगल्या साधनानं नोंदवा आणि नेटवर्कचं उत्तर त्याच्या बाजूला ठेवा. मोकळं मैदान, दाट इमारती, इमारतीच्या आत, तळघर, चालतं वाहन, पाण्याचा काठ आणि देशाची सीमा यांपैकी जमतील तेवढ्या जागा घ्या. पाण्यावरून सिग्नल लांबवर जातो, त्यामुळे काठावरचा फोन कित्येक किलोमीटरवरच्या पलीकडच्या टॉवरला जाऊन चिकटतो. सीमेजवळ देशाचा कोडच बदलतो आणि तुमची क्रमांकांची गाळणी कोसळते.

निकाल मांडताना सरासरी चूक सांगू नका. एक बिघडलेली नोंद तिला कुठेही ओढते. ६७ आणि ९५ टक्क्यांचे आकडे द्या, जागेच्या प्रकारानुसार वेगळे. आणखी एक रकाना जोडा: खरा बिंदू दिलेल्या वर्तुळाच्या आत किती वेळा होता. नेटवर्क ९५ टक्के म्हणत असेल आणि तुमच्या मोजणीत ७० निघत असतील, तर ऑपरेटरकडे जाताना हाच तक्ता घेऊन जा. सोबत प्रत्येक नोंदीचा सेल क्रमांक द्या. चुका मोजक्या सेलवर गोळा झालेल्या दिसल्या तर त्या ॲंटेनांची दिशा किंवा अक्षांश-रेखांश त्यांच्या नोंदवहीत चुकीचे असण्याची शक्यता मोठी, आणि ती दुरुस्ती त्यांच्याकडच्या एका माणसाचं एका दुपारचं काम असतं.